चौथा मजला, पाथर्डी फाटा

चावी दोनदा अडकली. तिसऱ्यांदा दार उघडलं.
हा हॉल, मी म्हणालो, हे किचन,
गॅलरी पश्चिमेला, उन्हाळ्यात तापते.
पोटासाठी खोटं बोलतो मी,
पण दिशेबद्दल नाही बोलता येत.

नवरा भिंतीवर बोटांनी टकटक करत राहिला.
बाई गॅलरीत गेल्या. टेकडीकडं बघत म्हणाल्या,
‘गंगुर्डे, घर ठीक आहे.
पण इथं राहण्यासारखं काय आहे?’

सतरा वर्षं दलाली केली.
पाणी विचारतात, पार्किंग विचारतात,
शेजारी कोण, हे आडून विचारतात.
हे कुणी विचारलं नव्हतं.

आधी पाठ केलेलं म्हणालो.
धरण भरतं. हवा चांगली.
मुंबई चार तास, पुणं पाच,
म्हणजे पाहुणे येतात, पण सांगून येतात.
त्या हसल्या नाहीत.

मग म्हणालो, जुन्या गावात
रस्त्याखाली रंग आहे.
खरंच. दगडी हौद, पुरुषभर खोल,
वर लाकडाच्या फळ्या, फळ्यांवर माती, मातीवरून वर्षभर
रिक्षा, शाळेची पोरं, भाजीच्या हातगाड्या.
रंगपंचमीला उकरतात. रहाड म्हणतो आम्ही.
फुलं उकळून रंग करतात आणि माणसं
अंगावरच्या कपड्यांनिशी धप्पा मारतात,
सराफ, हमाल, बँकेतले कॅशियर.
वर येतात तेव्हा कोण कोणता ते कळत नाही.
मग परत माती. परत रिक्षा.
मला मात्र त्या चौकातून जाताना
बारा महिने पायाखाली ओलं वाटतं.

नवरा म्हणाला, इथं कॉलनीत बिबटे येतात ना?
येतात, साहेब. उसातून, मळ्यातून, नाल्यानाल्यानं.
मागं एक जिन्यात येऊन बसला होता,
वनखात्यानं नेला.
त्यालाही राहावंसं वाटलं असेल.

या वेळी बाई हसल्या.

धीर आला. म्हणालो, पूर इथं फुटांत नाही मोजत,
मारुतीच्या अंगावर मोजतात.
नदीकाठी उभा आहे, दोन तोंडांचा.
गुडघ्याला पाणी आलं तर भजी खात बघायला जायचं,
कमरेला आलं की भांडीबाजारानं माल माळ्यावर चढवायचा,
छातीला आलं की गावभर फोन,
‘मारुती कुठपर्यंत?’
वेधशाळेचं मग, रात्री, टीव्हीवर.

द्वारकेच्या चौकात अर्धा तास जातो, हेही सांगितलं.
डिसेंबरात नळाचं पाणी हाताला चावतं.
निफाडकडं द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या करतात,
पहाटे आमच्या दूधवाल्याच्या स्वेटरला
तो धूर लागलेला असतो.

जे सांगायचं होतं ते सांगितलंच नाही.
अठ्ठ्याण्णव साली नांदगावहून आलो.
एक वळकटी, सातपूरला हेल्परकी,
सिडकोत भाड्याची खोली, मीटर तोडलेलं.
शेजारच्या कौतिकबाई कंदील घेऊन दारात.
‘कथाईन उना रे भाऊ?’
सांगितलं.
‘जेवना का?’
खोटंच हो म्हणालो.
कळण्याची भाकर, ठेचा उंबऱ्यावर ठेवून गेल्या,
ताटली तीन दिवस मागितली नाही.
चौथ्या दिवशी म्हणाल्या,
‘उना शे तं ऱ्हाय आते.’

ऱ्हायलो.

खाली गाडीपाशी बाई थांबल्या.
ती टेकडी कुठली?
पांडवलेणी.
वरून हे घर दिसतं?
दिसत असेल. बघितलं नाही कधी.
‘मग चला,’ म्हणाल्या. नवऱ्यानं घड्याळ पाहिलं.

दलालीच्या बुटांत चढलो, धापा टाकत.
घर काही दिसलं नाही.
पाण्याच्या टाक्या दिसल्या, काळ्या, शेकडो,
आणि बाई एकेकीवरून बोट फिरवत होत्या,
यातली आपली कुठली.